जिभेवरचा तुकडा

गुटक.

घर इतकं शांत होतं की तो आवाज आपल्याच गळ्यातून निघालाय हे लुर्दसला आधी कळलंच नाही. ओट्याशी उभी राहून, हॉलकडे पाठ करून ती चहात पाव बुडवून खात होती. पंखा बंद होता, कारण वाऱ्याने नवऱ्याचं, लॅन्सीचं तोंड आणखी सुकायचं. टीव्ही बंद, लेक हॅना अजून झोपलेली, रविवार असल्यामुळे खालच्या रिक्षा स्टँडवरही आरडाओरड नाही. त्या शांततेत चहाचा घोट खाली उतरला आणि विहिरीत खडा पडावा तसा वाजला. हातातला कप तिने तसाच धरून ठेवला. भिंतीपलीकडे पलंगावर लॅन्सी जागा असणार. त्याने ऐकलं असणार. तोंडात पावाचा ओला गोळा राहिला होता, आणि तो गिळायचा की नाही हे तिला ठरवता येईना. माणसाला दिवसातून कितीदा गिळावं लागतं, आणि ते किती उघडंनागडं असतं! शेवटी तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड तो गोळा गिळून टाकला, चोरून.

हे असंच चाललं होतं, लॅन्सीच्या नाकातून नळी घातल्यापासून. घरातलं जेवण स्वयंपाकघराच्या दाराआड गेलं होतं. हॅना ताट मांडीवर घेऊन सिलिंडरशेजारी बसायची आणि मम्मीने सांगितल्यामुळे कुरकुरीत काही खायची नाही. बोंबील तळायचे झाले तर हॅनाला ते घेऊन शेजारच्या हेमांगीकडे पाठवायचं. एकदा लॅन्सीनेच हाताने खूण करून बोलावलं होतं. बोलायला त्रास होई, म्हणून तो शब्द मोजूनमापून टाकी. "वास तरी येऊ दे गो," असं तो त्या खरखरत्या कुजबुजीत म्हणाला होता. मग तिने बाटलीतला मसाला लावून बोंबील तळले होते, दार उघडं ठेवून. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला होता आणि मग चेहरा वाकडा केला होता. "लोखंड," तो म्हणाला. मसाल्याला लोखंडाचा वास येत होता त्याला. लिफ्टच्या मशीनरूममध्ये येतो तसा. घोडबंदरच्या मोठमोठ्या टॉवरांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. त्या दिवशी ते बोंबील कोणीच खाल्ले नाहीत.

आणि सुरुवात झाली ती काट्यापासून. लॅन्सी उत्तनचा, समुद्राच्या काठावर वाढलेला. दात यायच्या आधी मासे खाल्ले म्हणून मिरवणारा. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, काटा अडकलाय वाटतं. अडकला तर अडकला. त्यांच्या घरात काट्याला कोणी डॉक्टरकडे जात नाही. भाताचा मोठा गोळा करायचा, न चावता गिळायचा, भात काट्याला घेऊन खाली जातो. लुर्दसने स्वतःच्या हाताने गोळे वळले होते, लाडू वळावेत तसे घट्ट. त्याने गिळले. काटा जाईना. मग केळं, मग तूप लावलेला पाव. मग काटा गेलाय पण ओरखडा राहिलाय असं ठरलं. फेब्रुवारीत संत ब्लेझच्या दिवशी चर्चमध्ये गळ्यांना आशीर्वाद देतात. फादर दोन मेणबत्त्या फुली करून गळ्याशी धरतात. त्याच संताने कोणा पोराच्या घशातला काटा काढला होता म्हणे. लॅन्सी रांगेत उभा राहिला आणि परत येताना डोळा मारून म्हणाला, "स्पेशालिस्टकडे दाखवून आलो." पुढे काही दिवस त्याला बरंही वाटलं. लुर्दसला आता भात कालवताना बोटं मुठीत ओढून घ्यावीशी वाटत. तेव्हा ती एकेक गोळा त्याच्या हातात देत होती आणि हसत होती. गोळा ज्या गाठीवरून घसरत खाली जात होता, तिला काटा म्हणत होती.

"मम्मी, माझा व्हेल कुठाय?"

हॅना उठून आली होती, केस विस्कटलेली, डोळ्यांत मात्र झोपेचा मागमूस नाही. आज तिचं पहिलं होली कम्युनियन, ख्रिस्ताचं शरीर मानलेली पातळ भाकर पहिल्यांदा जिभेवर घ्यायचा दिवस. पांढरा फ्रॉक कपाटाच्या दाराला टांगला होता आणि व्हेल, म्हणजे डोक्यावरची जाळी, इस्त्री करून उशीखाली ठेवली होती. लुर्दस तिचे केस विंचरायला बसली तेव्हा हॅना आरशात बघून जीभ बाहेर काढत होती, आत घेत होती, पुन्हा बाहेर काढत होती. हे सारं वर्षभर धर्मशिक्षणाच्या वर्गात घोटून झालं होतं. टीचरने आशीर्वाद न दिलेल्या कोऱ्या भाकऱ्या देऊन सराव करून घेतला होता. चावायचं नाही, दाताला लागू द्यायचं नाही, टाळूला चिकटलं तर बोट घालायचं नाही. जिभेने हळूच सोडवायचं. मग गिळायचं.

"आणि चुकून चावलं तर रक्त येतं, असं आमच्या वर्गातला जेडन म्हणतो."

"जेडनला सांग, येशूला दात नाय लागत."

"पपा पण घेणार ना माझ्यासोबत?"

लुर्दसने दातात धरलेली क्लिप काढून तिच्या केसांत खोचली. तो तसं म्हणाला होता खरा, नळी लागायच्या आधी. हॅनाच्या बाजूला उभा राहून मी पण घेणार. फादरना त्याने व्हॉट्सअॅपवर विचारलंही होतं. फादर घरी आले, त्याचा हात हातात घेऊन बसले, म्हणाले, "लॅन्सी, मनातली इच्छा पुरते रे. देव घशाचा मोहताज नाही." लॅन्सीने मान हलवली होती. ऑफिसात साहेबाचं पटलं नाही की तो जशी मान हलवायचा, तशी.

घशाचा मोहताज. घसा म्हणजे लुर्दसला पूर्वी कधी काही वाटलंच नव्हतं. दुखला तर मीठपाण्याच्या गुळण्या. आता रस्त्यात माणसं दिसत ती गळ्यांसकट. वडापाव खाणारा रिक्षावाला, मान मागे टाकून बाटलीची धार वरूनच घशात सोडणारा कॉलेजचा पोरगा. घोट उतरताना कंठ वर जाई, खाली येई, आणि त्यांचं लक्षही नसे. लॅन्सी असाच पाणी प्यायचा, ओठ न लावता, गळ्यातली शीर नाचवत. लग्न ठरवायला तो तिच्या ठाण्याच्या घरी आला होता तेव्हा तिने आधी पाहिलं होतं ते तेच, आणि कोणी विचारलं असतं तर सांगायला लाजली असती.

"गळा वापरला नाही तर गळा विसरतो," असं भाविका मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. गिळायचं शिकवणारी बाई असते हेच लुर्दसला तेव्हा नवं होतं. हॉस्पिटलच्या टोकाच्या खोलीत बसणारी, लहान चणीची, केसांत पेन खोचलेली. "नळी पोट भरेल, पण गिळणं चालू ठेवायचं. चमच्याने पाणी. हनुवटी छातीशी, श्वास धरा, जोर लावून गिळा, लगेच खोका." ते करताना लॅन्सीचे डोळे पाण्याने भरत. रेडिएशनच्या शेकांनी घसा आतून सोलला गेला होता, त्यावरून पाण्याचा थेंबसुद्धा काचेसारखा जाई. तरी तो करायचा. लुर्दस समोर बसून त्याच्याबरोबर गिळायची. हॅना बाळ असताना घास भरवताना आपलंही तोंड उघडायचं तसं. तेव्हा निदान चिऊ होती, काऊ होता, नाहीच ऐकलं तर गाल दाबता येत होते. इथे चमचा ओठापर्यंत नेता येत होता. त्यापुढचं त्याचं तो.

मग एकदा त्याचा आवाज ओला झाला, तळाशी पाणी राहिलेल्या हंड्यातून बोलावं तसा. भाविका मॅडमनी पेन केसांतून काढलं, पुन्हा खोचलं आणि कॅमेऱ्याची तपासणी लावली. पाणी वाट चुकून श्वासाकडे जात होतं.

"पण ठसका तर लागत नाय त्याला," लुर्दस म्हणाली, जणू ती चांगली गोष्ट होती.

"तेच वाईट आहे. चोर शिरतोय आणि कुत्रा भुंकत नाहीये." मग त्यांनी तिच्याकडे न बघता लॅन्सीकडे बघून सांगितलं, "तोंडाने आता एक थेंब नाही. नुसतं कोरडं गिळायचं, जमेल तितकं."

"काहीच नसताना गिळायचं काय?"

"थुंकी."

पण थुंकीच नव्हती. शेकांनी ती आटवली होती. जी होती ती दोऱ्यासारखी, चिकट, फडक्याने ओढून काढावी लागणारी. निघताना लुर्दसने दाराशी हळूच विचारलं, परत येईल ना मॅडम, गिळणं? "काहींचं येतं," त्या म्हणाल्या. तिने तो शब्द घरी आणला, काहींचं, आणि डाळीतला खडा जिभेवर फिरवावा तसा फिरवत राहिली. तेव्हापासून लॅन्सी कोरडं गिळेनासा झाला. सांगितलं की भिंतीकडे वळे.

नळीचं मात्र तिला सगळं येऊ लागलं होतं. दूध, नाचणीचं सत्त्व, मुगाचं पाणी, पावडर. आधी गाळणीने गाळायचं, मग मलमलच्या फडक्याने, एक कणही राहता कामा नये. सिरिंजचा दांडा काढून ती नळीला लावायची आणि वर धरायची. ढकलायचं नाही, आपल्या वजनाने उतरू द्यायचं. हात उंच केला की भराभर जाई, खाली आणला की थबके. नवऱ्याचं जेवण आपल्या खांद्याच्या उंचीवर ठरतं, हे कोणाला सांगणार? गार आहे की कोमट, एवढंच त्याला कळायचं. एकदा ठाण्याहून तपासणी करून परतताना शीळफाट्याला गाडी अशी अडकली की पुढे नाही, मागे नाही. फीडची वेळ टळून गेलेली, त्याच्या हाताला कापरं भरलेलं. तिने तिथेच थर्मास उघडला आणि गाडीच्या टपाला हात टेकवून सिरिंज धरली. शेजारच्या ट्रकमधून ड्रायव्हर वाकून बघत होता. त्याच्या हातात पोळीचा तुकडा होता. त्याने तो तोंडात घातला नाही. खाली ठेवला आणि काच वर केली. त्या अनोळखी माणसाच्या काच वर करण्याने तिला जेवढं रडू आलं, तेवढं कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला तेव्हाही आलं नव्हतं. पण हात खाली आणता येत नव्हता, म्हणून ती रडली नाही.

चर्चला जाताना हेमांगी येऊन लॅन्सीपाशी बसली. गर्दीत नेऊ नका, रक्तातल्या पेशी कमी झाल्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हॅना फ्रॉक सावरत पलंगापाशी गेली. लॅन्सीने तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि तिचा गाल कुरवाळला. नळी चिकटपट्टीने त्याच्या नाकाला चिकटवलेली, ती तिच्या जाळीला लागू नये म्हणून त्याने मान तिरकी केली.

"काका, मस्त दिसते ना एकदम बार्बी?" हेमांगी म्हणाली. लॅन्सीने हाताने मोठी खूण केली. नवरी.

चर्चमध्ये लुर्दस मागच्या खांबाशी उभी राहिली. पोरांची रांग पुढे सरकत होती, पोरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, पोरं बो लावलेली. एकेक तोंड उघडत होतं, मिटत होतं. हॅनाची पाळी आली तेव्हा लुर्दसला तिचा चेहरा दिसला नाही, मागून मान तेवढी दिसली. बारीक, विंचरलेल्या केसांखालची, तीट लावावी अशी. त्या मानेत काहीतरी हललं. झालं. एवढंच असतं. हॅना हात जोडून, ओठ घट्ट मिटून, कोणी आतलं काढून घेईल अशा भीतीने परत येत होती. लुर्दसही रांगेत गेली. जिभेवर ठेवलेलं विरघळलं आणि उतरलं. कधी उतरलं ते कळलंही नाही, आणि न कळण्याचीच तिला लाज वाटली.

बाहेर फोटो चालले होते. सेलेस्टीन आंटी गर्दीतून वाट काढत आली. शाळेतून रिटायर झालेली, फादरच्या परवानगीने आजाऱ्यांना घरोघरी ख्रिस्तप्रसाद पोचवणारी. गळ्यात पिशवी, पिशवीत पितळी डबी. डबीत पवित्र भाकर असली की ती रस्त्यात कोणाशी बोलत नसे, डोंबिवलीच्या रिक्षावाल्यांशीसुद्धा नाही, नुसतं बोट दाखवी.

"चल बाय, लॅन्सीकडे येते तुझ्यासोबत."

"आंटी, त्याला तोंडाने काय द्यायचं नाय. थेंब पण नाय."

"माहीत हाय गो मला. देत नाय. येशूला घरात तर नेऊ. लेकीचा आजचा दिवस, आणि बाप एकटा?"

घरी पोचल्यावर हेमांगी शिऱ्याचं भांडं ओट्यावर झाकून आपल्या घरी गेली. आंटीने स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला, मेणबत्ती लावली, डबी उघडून ठेवली. लॅन्सी उशांना टेकून बसला होता. त्याने शर्ट बदलला होता. हेमांगीकडून बटणं लावून घेतली असणार. 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना झाली. लॅन्सीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आंटीने भाकर दोन बोटांत धरून वर केली, नुसती दाखवायला. आणि लॅन्सीने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि जीभ पुढे केली.

त्या तोंडात आतून काय आहे ते लुर्दस रोज टॉर्च लावून पाहत होती. लाल, त्यावर पांढरे चट्टे, कडेला भेगा. पण जीभ अशी पुढे आलेली तिने पाहिली नव्हती. हॅनाच्या वयाची होती ती जीभ, उत्तनच्या चर्चमध्ये बापाच्या बाजूला उभी राहिलेली. आंटीचा हात हवेत थांबला. तिने लुर्दसकडे पाहिलं. लुर्दसने मान हलवायला हवी होती. नाही म्हणायला केवढीशी मान लागते. पण ती हललीच नाही. तेवढ्या वेळात तिच्या मनात काय काय येऊन गेलं. एक थेंब नाही. काहींचं येतं. कदाचित आज. पाण्याला जमलं नाही, पण हे काही पाणी नाही. आणि एवढ्यांदा त्याला नाही म्हटलंय, आणखी एकदा कोणत्या तोंडाने म्हणू? आंटीने नखाएवढा तुकडा मोडला. "ख्रिस्ताचे शरीर," ती म्हणाली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हाताने आपलं काम केलं.

लॅन्सीने तोंड मिटलं. हनुवटी छातीला लावली, भाविका मॅडमनी शिकवल्याप्रमाणे. श्वास धरला. गळा वर चढला, अर्ध्यावर थांबला आणि तसाच खाली आला. पुन्हा. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. हॅना जवळ येऊन उभी राहिली होती, दोन्ही हात अजून जोडलेले. "पपा, जिभेने सोडव," ती म्हणाली, "हळूच सोडव." तिसऱ्यांदा त्याने जोर लावला तेव्हा कपाळावर घाम आला. ठसका नाही, काही नाही. ठसका लागत नाही हेच लुर्दसला आठवलं. तुकडा आत गेलाय की टाळूला आहे? कुठल्या वाटेला लागलाय?

"पाणी दे गो, घोटभर पाणी दे."

"पाणी नाय चालत आंटी!"

तिने ओकारीचं भांडं त्याच्या तोंडाशी नेलं. "थुंक लॅन्सी, थुंकून टाक." लॅन्सीने ओठ मिटून घेतले, घट्ट, आणि डोक्याने नकार दिला. भांड्यात? त्याच्या डोळ्यांत तेच होतं. ह्या भांड्यात? आंटीही पुटपुटत होती, "थुंकू नको रे राजा, भांड्यात नको... मी फादरना विचारते." तिने फोन लावला. फादर चर्चमध्ये दुसऱ्या मिस्साच्या उपासनेला उभे असणार, फोन वाजत राहिला. लॅन्सीचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. लुर्दसने भांडं खाली टाकलं, गादीवर गुडघा टेकला, एका हाताने त्याचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं. टाळूवर ते सापडलं. लापशीसारखं, चिकटलेलं. तिने ते नखाने न ओरबाडता, बोटाच्या पेराने कडेकडेने सोडवलं. तो कण्हला, पण तोंड मिटलं नाही. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर पांढरं, चिकट काहीतरी होतं, त्याला लाळेचा लांब दोरा आणि एक लालसर रेघ. श्वासाची शिट्टी हळूहळू बसली.

आणि आता हे बोट घेऊन ती उभी राहिली. भांड्यात टाकायचं नाही, कागदात नाही, बेसिनमध्ये नाही. डबीत परत ठेवता येत नाही. "पाण्यात विरघळवून झाडाच्या मातीत घालतात," आंटी कापऱ्या आवाजात म्हणाली, "नायतर... नायतर कोणीतरी..." पाण्यात विरघळवून नळीतून दिलं तर? मलमलच्या फडक्यातून गाळून? लुर्दसला एकदम हसू येईल असं वाटलं आणि भीती वाटली. लॅन्सी तिच्या बोटाकडे बघत होता. ज्याने जन्मात कधी कोणाच्या ताटातलं मागितलं नव्हतं, तो बघत होता. तिने बोट तोंडात घातलं. त्यात औषधाची चव होती, रक्ताची, आणि त्यामागे कुठेतरी पिठाची. ती त्याच्याकडे बघतच गिळत होती. कुठे वळून बघावं ते तिला सुचलं नाही.

लॅन्सीने हळूहळू मान फिरवली. भिंतीकडे नाही, खिडकीकडे. बदललेल्या शर्टाचं छातीवरचं बटण निसटलं होतं. आंटीने मेणबत्ती विझवली, रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. फीडची वेळ होत आली होती. लुर्दसने हात धुतले, गाळलेलं दूध कोमट आहे की नाही ते मनगटावर टाकून पाहिलं, नळीला सिरिंज लावली आणि हात वर केला. दूध उतरू लागलं. हॅना पांढऱ्या फ्रॉकमध्ये पलंगाच्या कडेला बसली. तिने आधी दुधाकडे पाहिलं, मग पपाच्या मिटलेल्या तोंडाकडे, मग मम्मीच्या गळ्याकडे, आणि तिथेच बघत राहिली.

"मम्मी," तिने हळू आवाजात विचारलं, पपाला ऐकू जाऊ नये म्हणून, "तोंड तर पपाने उघडलं होतं. मग आता येशू कोणाकडे आला?"